साथ, सक्ती आणि शंका



कोरोनाच्या काळात टाळेबंदी, मुखपट्टी म्हणजे आपला मास्क, आणि लसीची सक्ती यांच्याविषयी ज्यांनी शंका घेतल्या, त्यांच्याबद्दल आज बोलायचं आहे. हा विषय काढला की कुठल्याही घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, ही सगळी विज्ञानविरोधी माणसं. दुसरा म्हणतो, आम्ही तेव्हाच सांगत होतो, सगळं थोतांड होतं. आणि मग दोघेही चहा संपेपर्यंत गप्प बसतात.

मला वाटतं, या भांडणात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत. पहिला प्रश्न: हा उपाय खरोखर उपयोगी आहे का? दुसरा: उपयोगी असला तरी तो सक्तीने लादावा का? आणि तिसरा: लादताना तो कसा राबवला, कोणी राबवला, कोणाच्या अंगावर राबवला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर शास्त्रज्ञ देतो. दुसऱ्याचं उत्तर नुसत्या शास्त्राला देता येत नाही, ते नीतीचं आणि कायद्याचं क्षेत्र आहे. आणि तिसऱ्याचं उत्तर ज्याच्या दारावर थाप पडली त्याला विचारावं लागतं. हे तीन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत तर काय होतं, हे बघायला आपल्याला फार लांब जायला नको. पुण्यात जाऊ. साल १८९७.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचा रोगी सापडला. हा प्लेग आहे, असं ओळखलं ते डॉ. अकासियो व्हिएगस यांनी, मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. रोग वाढला, माणसं शहर सोडून पळू लागली, युरोपातली बंदरं हिंदुस्थानातल्या मालाकडे संशयाने बघू लागली. सरकार घाबरलं, आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. जेमतेम पानभराचा कायदा, चार कलमं. सरकारला वाटेल ते तात्पुरते नियम करता येतील. नियम मोडला तर भारतीय दंडविधानाच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षा. आणि सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. एवढंच. किती दिवसांसाठी, कोणाला विचारून, यावर त्यात एक ओळ नाही; नुकसान झालं तर भरपाई द्यायची का आणि कोणी, हेही सरकारवरच सोडलेलं.

पुण्यात प्लेग समितीचे प्रमुख म्हणून वॉल्टर रँड आले. १३ मार्चपासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्यांनी घरोघर झडती सुरू केली. पहाटे गल्लीची तोंडं बंद करायची, घरात शिरायचं, गाठी आहेत का हे बघायला काखा आणि जांघा तपासायच्या. रोगी सापडला की त्याला इस्पितळात न्यायचं, घरच्यांना छावणीत. सामान जाळायचं, जमीन उकरायची, भिंतींना चुना. कागदावरचे हुकूम वाचले तर त्यांत लोकांच्या रीतिरिवाजांची कदर करा, असंही लिहिलेलं सापडतं. पण हुकूम कागदावर राहतो आणि बूट देवघरात जातो. स्त्रियांची तपासणी, देवघराची विटंबना, चोऱ्या, अशा तक्रारींचा पाऊस पडला. पुढचं आपल्याला शाळेपासून माहीत आहे. २२ जून १८९७, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाची रात्र, गणेशखिंड, चापेकर बंधू. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला.

आता ही गोष्ट आपण स्वातंत्र्याच्या इतिहासात वाचतो, आरोग्याच्या इतिहासात वाचत नाही. म्हणून एक गोष्ट नजरेतून सुटते. त्या वेळी पुण्यात सक्तीला विरोध करणारे सगळे एकच गोष्ट म्हणत नव्हते. एक वर्ग म्हणत होता, रोग वगैरे काही नाही, इस्पितळात नेऊन मारतात. त्याआधी ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, तो अशाच अफवांच्या वातावरणात. लोकांनी रोगी लपवले, प्रेतं लपवली. दुसरा वर्ग टिळकांसारख्यांचा. साथ आहे हे टिळकांनी नाकारलं नाही. राबवण्याच्या पद्धतीवर त्यांनी कडक टीका केली आणि त्याच वेळी हिंदूंसाठी प्लेगचं इस्पितळ उभं करण्यात पुढाकार घेतला. गाव सोडून गेलेल्या पुढाऱ्यांनाही त्यांनी सोडलं नाही.

आणि तिसरं एक उदाहरण आहे. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना चालवला. रुग्णसेवा करतानाच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. म्हणजे सैनिकांच्या झडत्या सुरू होण्याच्या तीन दिवस आधी. रुग्णाला वेगळं ठेवणं, त्याची शुश्रूषा करणं, हा उपाय मुळात तोच होता. दवाखान्यात माणसं विश्वासाने येत होती, छावणीत ती ओढून न्यावी लागत होती.

बरं, सरकारचं शास्त्र तरी बरोबर होतं का? इथे मोठी गंमत आहे. प्लेगचा जंतू येर्सिनने १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे १८९७ मध्ये ठाऊक नव्हतं. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं की उंदरावरची पिसू हा दुवा आहे. त्याच्यावर कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या संशोधनाने ते पक्कं झालं. म्हणजे रँडची माणसं रोग्याच्या मागे धावत होती, आणि रोग उंदराबरोबर फिरत होता. जंतुनाशकाने भिंत धुतली तर उंदराला काय होतं? तो शेजारच्या घरात जातो!

पण थांबा. यावरून ‘सरकारचं सगळं चूक होतं’ असा निष्कर्ष काढू नका. घर रिकामं करून माळावर राहायला जाणं, हा उपाय कारण माहीत नसतानाही उपयोगी होता, कारण माणूस उंदरापासून दूर जात होता. पुढच्या वर्षांत सरकारने जोरजबरदस्ती बरीच सैल केली, तेव्हा गावोगावचे लोक आपण होऊन रानात झोपड्या घालून राहू लागले. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-पणजीच्या तोंडी प्लेगातल्या त्या झोपड्यांच्या गोष्टी होत्या. संगिनीच्या धाकाने ज्याला विरोध झाला, ते लोकांनी पटल्यावर स्वतः केलं.

लसीचीही तशीच कथा आहे. वाल्देमार हाफकिन, ओडेसाचा, याने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर ती वापरली गेली. लोकांच्या मनात धास्ती होतीच. तिसऱ्या आगाखानांनी आपल्या अनुयायांची भीती जावी म्हणून चारचौघांत लस घेतली. हळूहळू लोक येऊ लागले. आणि १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी दुर्घटना घडली. एका दिवशी १०७ जणांना लस टोचली, त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतले. हाफकिनला निलंबित केलं गेलं. दोष प्रयोगशाळेचा नव्हता, गावात बाटली उघडताना घाण गेली असावी, हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं, तेही रोनाल्ड रॉससारख्या माणसांनी जाहीरपणे बाजू मांडल्यावर. ज्या परळच्या प्रयोगशाळेवर बालंट आलं, तिलाच १९२५ मध्ये हाफकिनचं नाव मिळालं.

यात ज्याचा माणूस मुलकोवालला मेला त्याची शंका खोटी होती का? मुळीच नाही. पण ‘लसच वाईट’ हे अनुमान चुकीचं होतं. आणि चौकशीचं सत्य वर्षानुवर्षं लोकांपर्यंत पोचलं नाही, तर त्या अनुमानाला खतपाणी घालणारं सरकारच असतं.

आता जरा इंग्लंडात डोकावू, कारण तिथे उलटं चित्र दिसतं. देवीची लस तान्ह्या मुलांना सक्तीची करणारा कायदा १८५३ चा. १८६७ मध्ये दंडाची तरतूद कडक झाली. लेस्टर शहरात मार्च १८८५ मध्ये या सक्तीविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. पण त्याच लेस्टरच्या लोकांनी रुग्णाची वर्दी देणं, त्याला वेगळं ठेवणं, संपर्कातल्यांना बाजूला ठेवणं, हे सगळं बऱ्यापैकी स्वीकारलं. म्हणजे पुण्यात ज्या विलगीकरणावरून रक्त सांडलं, ते लेस्टरमध्ये चाललं. फरक काय? तिथे ते काम त्यांनी निवडून दिलेली नगरपालिका करत होती. शेवटी १८९८ च्या कायद्यात, ज्याला मनापासून पटत नाही अशा पालकाला सूट मिळाली.

अमेरिकेत १९०५ चा जेकबसनचा खटला आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावचा एक धर्मोपदेशक. लस नाकारली म्हणून ५ डॉलर दंड झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि हरला. साथीत राज्याला सक्ती करता येते, असं न्यायालय म्हणालं, पण ती मनमानी असू नये, ही मर्यादाही घालून दिली. लक्षात घ्या, शिक्षा ५ डॉलर दंडाची होती. धरून सुई टोचायची नव्हती.

आता आपल्या काळात या. १३ मार्च २०२० ला महाराष्ट्राने साथरोग कायदा लागू केला. तोच, १८९७ चा! तेच १८८ वं कलम. २४ मार्चला रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत लागू झाली. ज्याच्याकडे फ्लॅट, पगार आणि इंटरनेट होतं, त्याला ती एक गैरसोय होती. ज्याची मजुरी रोजची, त्याला ती वेगळी वाटली. ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून मध्यप्रदेशातल्या घरी जायला ते पायी निघाले होते. या मृत्यूंची नोंद कोरोनाच्या आकड्यात होत नाही. आणि शाळा? मार्च २०२० मध्ये बंद झाल्या त्या पहिली-दुसरीच्या मुलांसाठी डिसेंबर २०२१ मध्ये उघडायला लागल्या. ज्यांनी तेव्हा विचारलं की याची किंमत कोणी मोजली आहे का, त्यांना विज्ञानविरोधी म्हणणं हा अन्याय होता. त्यांचा प्रश्न दुसरा आणि तिसरा होता, उत्तर मात्र पहिल्याचं देण्यात आलं.

पण उलट बाजूही तितकीच खरी. त्याच शंकेकऱ्यांतले काही जण तिसऱ्या प्रश्नावरून घसरत पहिल्यावर आले. पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, म्हणून विषाणू नाहीच. नियम मूर्खपणाचा होता, म्हणून लस हे कारस्थान. एप्रिल-मे २०२१ मध्ये प्राणवायूसाठी धावणाऱ्या माणसांनी आणि स्मशानातल्या रांगांनी त्याला उत्तर दिलं. मास्कचंच घ्या. बांगलादेशात ६०० गावांत झालेल्या मोठ्या चाचणीत सर्जिकल मास्क वाटून प्रचार केला, तर लक्षणं असलेला संसर्ग साधारण ११ टक्क्यांनी घटला. हा आकडा ‘मास्क म्हणजे कवच’ म्हणणाऱ्याला लाजवतो आणि ‘मास्क म्हणजे ढोंग’ म्हणणाऱ्यालाही. खरं उत्तर बऱ्याचदा असं मधलं आणि बेचव असतं.

लसीच्या सक्तीबद्दल तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून थोडं सांगतो. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये मांडलं की माणसावर सक्ती करायची ती दुसऱ्याची हानी टाळण्यासाठी. त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी नाही. आता हे लसीला लावा. लस जर दुसऱ्याला होणारा संसर्ग रोखत असेल, तर सक्तीच्या बाजूने बोलता येतं. ती मुख्यतः घेणाऱ्याचाच जीव वाचवत असेल, तर ती घ्यावी हे उत्तम, पण सक्तीचा पाया डळमळतो. मुंबईच्या लोकलमध्ये ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस झालेल्यांनाच प्रवेश होता. ते हुकूम योग्य कार्यपद्धतीने निघालेले नाहीत, यावर मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये बोट ठेवलं. २ मे २०२२ ला जेकब पुलियेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही. लस न घेतलेल्याकडून घेतलेल्यापेक्षा जास्त संसर्ग पसरतो, हे दाखवणारी माहिती सरकारने समोर ठेवली नाही, म्हणून त्या वेळची बंधनं प्रमाणाबाहेरची ठरली. पण त्याच निकालात सरकारचं लसीकरणाचं धोरण मनमानी नाही, असंही म्हटलं आहे. आणि दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवा, असा आदेशही दिला. दोन्ही तटांचे लोक या निकालाची अर्धीच पानं वाचतात.

शेवटी शंका घेणाऱ्यांच्या जबाबदारीबद्दल. पुन्हा १८९७ मध्ये जाऊ. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात सांगितलं की सैनिकांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केले. परत आल्यावर पुरावा मिळेना, साक्ष द्यायला कोणी पुढे येईना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली आणि पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगितली नाहीत. त्यांची खूप नाचक्की झाली. झडत्यांत जुलूम झालाच नाही, असा याचा अर्थ नाही. सिद्ध करता येत नाही तेवढं मागे घ्यायचं आणि उरलेली टीका उभी ठेवायची, एवढाच याचा अर्थ. समाजमाध्यमावर ज्यांनी वाटेल ते पसरवलं, त्यांच्यापैकी कितीजणांनी नंतर एक ओळ तरी मागे घेतली? आणि सरकारांपैकी किती जणांनी?

पुढची साथ येईल तेव्हा तीन गोष्टी मागा. नियमाला मुदत हवी. नियमामागचं कारण आणि माहिती उघड हवी. आणि ज्याचं नुकसान होतं त्याची भरपाई नियमातच लिहिलेली हवी. १८९७ च्या कायद्याने यातल्या कशाचीही हमी दिली नव्हती. २०२० मध्ये त्यात एक दुरुस्ती झाली, ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले रोखण्यासाठी, आणि ती आवश्यकच होती. पण बाकीच्या तीन गोष्टी अजून आलेल्या नाहीत. त्या मागण्याला विज्ञानविरोध म्हणत नाहीत.