तबकडीवरचा पाठ : वऱ्हाड, कौटुंबिक चित्रपट आणि घरगुती आवृत्तीची चिकित्सा

कादंबरीविषयी लिहिणारा मराठी समीक्षक आपण कोणती आवृत्ती वाचली हे नमूद करण्यास सहसा चुकत नाही. चित्रपटाविषयी लिहिताना मात्र हाच समीक्षक, आपण चित्रगृहातील पडद्यावर पाहिले की दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संचावर, फिल्म पाहिली की व्हीसीडी, याचा उल्लेखही आवश्यक मानत नाही. तबकडी ही त्याच्या दृष्टीने आरपार दिसणारी काच असते. तिच्यामागे 'मूळ' कृती अविकृत उभी आहे असे त्याने गृहीत धरलेले असते. या गृहीतकाची तपासणी करावयाची तर ती वऱ्हाडातून करणे सोयीचे ठरते. अमरावती-अकोल्याच्या प्रेक्षकवर्गापैकी बऱ्याच जणांपुरती अलीकडच्या स्वतंत्र मराठी चित्रपटाची घरगुती प्रत हीच त्या कृतीची पहिली आणि पुष्कळदा एकमेव आवृत्ती ठरली. दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहण्याची संधी ज्याला नाही, त्याच्यासाठी प्रतीचे गुणदोष हेच कृतीचे गुणदोष होतात.

ही परिस्थिती का उद्भवली याचे उत्तर सौंदर्यशास्त्रात सापडत नाही. त्यासाठी व्यापाराच्या इतिहासाकडे वळावे लागते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निझामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. १९५६ मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाले. राज्यकारभाराचे नकाशे असे बदलत गेले, तरी चित्रपटवितरणाचा नकाशा बदलला नाही. त्या धंद्याच्या भाषेत विदर्भ 'सी.पी.-बेरार' या क्षेत्रातच राहिला, मराठवाडा 'निझाम' क्षेत्रात, आणि पुणे-कोल्हापूर 'मुंबई' क्षेत्रात. जे प्रांत कागदोपत्री केव्हाच लयाला गेले, त्यांची नावे चित्रपटांच्या करारनाम्यांवर पुढील कित्येक दशके नांदत होती. अमरावती हे या सी.पी.-बेरारचे एक प्रमुख ठाणे. वितरकांच्या कचेऱ्या तेथे होत्या, आणि प्रदर्शक-वितरकांच्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचे मुख्यालय भुसावळला होते. अमरावती चित्रपटव्यवसायाच्या दृष्टीने मागासलेले शहर होते अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी लागेल. ते मोठे केंद्रच होते, परंतु हिंदी चित्रपटाचे. ज्या क्षेत्राचा मोठा भाग हिंदी भाषकांचा, त्या क्षेत्राचे हक्क मराठी चित्रपटासाठी कोण विकत घेणार? 'मुंबई' क्षेत्रात खर्च भरून निघत असेल तर निर्मात्यालाही अकोल्यापर्यंत प्रती पाठवण्याची निकड भासत नसे. मराठी चित्रपट वऱ्हाडात उशिरा पोहोचला किंवा पोहोचलाच नाही, याचे खापर रसिकतेच्या अभावावर फोडण्याची जी पश्चिम महाराष्ट्री सवय आहे, तिला या साध्या व्यवहाराची जाणीव नाही.

घरगुती व्हिडिओने या सरहद्दी प्रथमच निरर्थक केल्या. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली, पाठोपाठ व्हीसीआर आणि भाड्याच्या कॅसेटी आल्या. चोरट्या प्रतींचा सुळसुळाट झाल्यावर १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करावी लागली. नव्वदीच्या दशकात व्हीसीडी आली, आणि २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी व ३४ रुपयांत डीव्हीडी विकावयास काढून बाजाराचे गणितच पालटून टाकले. (२०१८ मध्ये हीच कंपनी परिसमापनात गेली, तबकडीचे आयुष्य किती अल्प ठरले याचे हे एक माप.) घरगुती प्रतीचे हक्क क्षेत्रवार हक्कांहून वेगळे विकले जात. तबकडी अमरावतीच्या वितरकाला विचारून येत नव्हती. ती पुण्याच्या दुकानात जशी येई तशीच अकोल्याच्या दुकानातही येई. सी.पी.-बेरारच्या सीमा ओलांडण्याचे जे काम राज्यपुनर्रचनेला साधले नाही, ते अठ्ठावीस रुपयांच्या तबकडीने केले असे म्हणण्यास हरकत नसावी. पण जे आले ते काय होते?

या प्रश्नाला सामोरे जाण्याची पद्धत वऱ्हाडाला परकी नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे पीठ. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ प्रत पुढील धामधुमीत नष्ट झाली, आणि स्मरणातून, उताऱ्यांतून जे पाठ पुन्हा उभे राहिले त्यांच्या वेगवेगळ्या परंपरा निर्माण झाल्या. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांच्या संपादनांत लीळांची संख्या, क्रम व शब्द एकसारखे नाहीत. कोणत्या पोथीवर किती विसंबावे हे ठरवण्यासाठी पाठचिकित्सेने जी शिस्त घडवली, तिचे पहिले सूत्र असे की प्रत ही साक्षीदार असते. तिची उलटतपासणी केल्याखेरीज साक्ष ग्राह्य धरू नये. सेल्युलॉइडवरील चित्रपटाचीही गत वेगळी नाही. ज्यांच्या मूळ निगेटिव्हची हानी झाली अशा चित्रपटांच्या बाबतीत घरगुती प्रत हाच शिल्लक साक्षीदार ठरण्याचा संभव असतो.

पोथीच्या शेवटी पुष्पिका असते. तीत लेखनिकाचे नाव, शक, स्थळ, क्वचित 'जैसे पाहिले तैसे लिहिले' अशा अर्थाची क्षमायाचना येते. तबकडीच्या वेष्टनालाही एक पुष्पिका आहे, आणि ती कायद्याने घालून दिलेली आहे. १९८४ च्या दुरुस्तीनुसार प्रमाणन मंडळाच्या प्रमाणपत्राची प्रत, प्रत काढणाऱ्याचे नाव-पत्ता आणि हक्कधारकाचे नाव देणे बंधनकारक झाले. मात्र ही पुष्पिका मालकीची आहे, पाठाची नाही. ही प्रत निगेटिव्हवरून घेतली की चित्रगृहात झिजलेल्या प्रिंटवरून, रंगांचे संस्करण करताना छायालेखक उपस्थित होता की नव्हता, चौकट कापली की राखली, यांपैकी कशाचाही उल्लेख करणे कोणावर बंधनकारक नाही. स्वतंत्र निर्माता बहुधा हे हक्क एकरकमी विकून मोकळा होई. त्यानंतरच्या संपादनावर त्याचे नियंत्रण उरत नसे. साहित्यव्यवहारात लेखकाने मुद्रिते न पाहिलेली आवृत्ती म्हणतात ती हीच.

तरीही तपासणीची साधने हाताशी आहेत. चित्रपटाच्या प्रारंभी दिसणाऱ्या प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये दिलेली असते. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर धावते. भागाकार केला की चित्रगृहातील कालावधी मिळतो. तबकडीवरचा कालावधी त्याहून कमी भरला तर काही कापले असावे, असा तर्क लगेच करू नये. फिल्म सेकंदाला चोवीस चौकटींनी धावते, पॅल पद्धतीचे प्रक्षेपण पंचवीस चौकटींनी. म्हणून अशा प्रतीत शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णव मिनिटांत संपतो आणि, वेगळी दुरुस्ती केली नसल्यास, प्रत्येक आवाजाचा सूर किंचित चढतो. या चार टक्क्यांपलीकडची तूट असेल तरच कात्रीचा शोध घ्यावा. पदव्युत्तर वर्गात माध्यमांतराचा अभ्यास करताना हा एवढा हिशेब केला जात नाही, याचे आश्चर्य वाटते.

आता प्रत्यक्ष कृतींकडे वळता येईल. संदीप सावंत यांचा 'श्वास' २००४ मध्ये प्रदर्शित झाला. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटाला 'श्यामची आई'नंतर मराठीतील दुसरे सुवर्णकमळ मिळाले. डोळ्यांच्या कर्करोगामुळे दृष्टी गमावणार असलेला नातू आणि त्याला शस्त्रक्रियेपूर्वी इस्पितळाबाहेर जग दाखवावयास नेणारे आजोबा, एवढाच ऐवज. आशयाचे सारे वजन 'पाहणे' या क्रियेवर आहे. अशा चित्रपटाची व्हीसीडी म्हणजे ३५२ गुणिले २८८ बिंदूंची, डीव्हीडीच्या जेमतेम चौथाई तपशिलाची प्रतिमा. तीत अंधार काळा राहत नाही, त्याचे चौकोनी ठोकळे पडतात. दूरची पाने, पाणी, चेहरे एकमेकांत मिसळतात. जे शेवटचे पाहून घ्यावयाचे तेच नीट दिसत नसेल, तर प्रेक्षकाच्या हाती कथानक उरते आणि अनुभव निसटतो. शिवाय एका व्हीसीडीवर साधारण चौऱ्याहत्तर ते ऐंशी मिनिटे मावतात, त्यामुळे दीड तासाच्या चित्रपटाचेही दोन तुकडे पडतात. तबकडी बदलण्यासाठी उठलेला प्रेक्षक दिग्दर्शकाने योजलेल्या मध्यंतराला उठतो की तबकडीची क्षमता संपली म्हणून, हा प्रश्न लयीचा आहे, आणि लय हा आशयाचाच भाग असतो.

वऱ्हाडाच्या दृष्टीने अधिक बोलकी कृती म्हणजे सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस'. २००९ मध्ये तो रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवला गेला. विदर्भातील कापूस पिकवणारा किसना, पत्नी अलका, मुलगा दिनू आणि म्हातारी आई असे हे कुटुंब. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलकाच्या मनात भय शिरते. आपल्या नवऱ्याच्या डोक्यातही तेच आहे असे समजून ती मुलाला आणि सासूला त्याच्यावर नजर ठेवण्यास लावते. आत्महत्येवरचा चित्रपट अशी याची जी ओळख करून दिली जाते ती अपुरी आहे. हा पाळतीवरचा चित्रपट आहे. माया, संशय, भीती आणि काही वेळा विनोददेखील, यांतील एकूण एक भाव कोण कोणाकडे पाहत आहे यातून निर्माण होतो. येथे चौकटीचा प्रश्न निव्वळ तांत्रिक राहत नाही. रुंद पडद्याचा चित्रपट जुन्या चार-तीन प्रमाणाच्या संचासाठी कापला, तर १.८५ च्या चौकटीचा सुमारे २८ टक्के आणि २.३५ च्या चौकटीचा सुमारे ४३ टक्के भाग बाहेर जातो. जाणारा भाग कडेचा, आणि पाळत ठेवणारा माणूस कडेलाच उभा असतो. मध्ये किसना उरेल, त्याच्यामागून चालणारे पोर नाहीसे होईल. अशी कापलेली प्रत पाहून कोणी या चित्रपटाला 'एका शेतकऱ्याची शोकांतिका' म्हटले, तर त्या वाचकाला दोष देता येणार नाही. त्याच्यासमोरच्या पाठात कुटुंबच गळालेले असेल.

या पाठचिकित्सेला भाषेची बाजूही आहे. शीर्षकातील 'गाभ्रीचा' हा वऱ्हाडी तोंडातला शिवीवजा शब्द. महोत्सवांसाठी त्याचे इंग्रजी रूपांतर शापित अशा अर्थाच्या शब्दाने झाले. शिवीतला जिव्हाळा शापात येत नाही. पावसाला शिवी देणारा माणूस पावसाशी नाते राखून असतो, शापाला मात्र कोणी नातलग नसतो. व्हीसीडीवर उपशीर्षके असतील तर ती प्रतिमेतच कोरलेली असतात, मिटवता येत नाहीत. डीव्हीडीवर ती निवडता येतात. 'मले', 'तुले' ऐकणाऱ्या अकोल्याच्या प्रेक्षकाला आपली बोली ऐकताना तळाशी परकी अक्षरे वाचावी लागणे, हा त्याच्या आस्वादातील हस्तक्षेप आहे. उलट पुण्याच्या प्रेक्षकाला त्याच अक्षरांचा आधार वाटू शकतो, आणि हे कबूल करण्यास त्याला संकोच वाटतो. माध्यम बदलताच वऱ्हाडी प्रमाणाकडे सरकते हे काही नवे नाही. अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांची तिफणीवरची कविता 'अरे संसार संसार' (१९८१) या चित्रपटात गीत म्हणून गेली तेव्हा तिच्यातील 'काया' माती 'काळ्या' झाली. एका अक्षराचा हा पाठभेद. परंतु ळकाराच्या जागी यकार म्हणणारी जीभ त्यातून वगळली गेली. लाखोंनी ऐकला तो 'काळ्या'चा पाठ, आणि आता मूळ 'काया' हीच चूक असल्यासारखी कानाला लागते.

या सगळ्यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुबळा नाही. भारनियमनाच्या काळात, वीज येईल तेव्हा, शेजारपाजाऱ्यांसह दाटीवाटीने बसून ज्यांनी हे चित्रपट पाहिले, त्यांना बिंदूंची संख्या ठाऊक नव्हती. तरीही त्यांना ते भिडले. मग प्रतीची चिकित्सा हा अभिजनांचा चोखंदळपणा नव्हे काय? वाचकप्रतिसादाच्या सिद्धान्ताचा आधार घेऊन असेही म्हणता येईल की कौटुंबिक चित्रपट कुटुंबातच पाहिला जाणे ही त्याच्या अर्थाची पूर्ती आहे, चित्रगृहातील अंधारात अनोळखी माणसांत बसून ती होत नाही. यातील दुसरा भाग मान्य करण्याजोगा आहे. घराविषयीची कृती घरात पाहताना, पडद्यावरची सासू आणि खोलीतली सासू एकाच वेळी ऐकत असताना, जो ताण उत्पन्न होतो तो चित्रगृहाला देता येणार नाही. घरगुती आवृत्तीचे मूल्यमापन करताना हा तिचा गुण म्हणून नोंदवला पाहिजे. पहिल्या भागाचे मात्र तसे नाही. फाटक्या पोथीतूनही भक्ताला लीळा भेटतेच, म्हणून संपादकाने फाटके पान पूर्ण मानावे असे होत नाही. 'वऱ्हाडातल्या प्रेक्षकाला एवढे पुरे' हा निर्णय प्रेक्षकाने घेतलेला नव्हता. तो क्षेत्रवार हक्क विकणाऱ्यांनी आधी घेतला होता आणि तबकडी स्वस्त करणाऱ्यांनी नंतर. समीक्षकानेही तोच निर्णय 'लोकाभिरुची' या नावाखाली पुन्हा मंजूर करावा, यात लोकांविषयीचा आदर फारसा नाही.

तबकडीची दुकाने आता मोडली. तबकड्यांसाठी काढलेल्या प्रती मात्र मोडल्या नाहीत. आंतरजालावर आढळणारे कितीतरी मराठी चित्रपट त्या जुन्या व्हिडिओ प्रतींवरूनच चढवलेले असतात: कोपऱ्यात प्रकाशकाचे बोधचिन्ह, कडा कापलेल्या, उपशीर्षके कोरलेली, दोन तुकड्यांचा सांधा कोठे जोडला ते ऐकूही येते. लेखनिकाच्या एका चुकीवरून पुढच्या दहा पोथ्यांचे कूळ ओळखतात, तशी या चिन्हांवरून प्रतींची वंशावळ लावता येते. अमरावती आणि अकोला येथील महाविद्यालयांत जे विद्यार्थी या चित्रपटांवर प्रबंध लिहीत आहेत, त्यांच्यापुढे बहुधा हाच पाठ आहे, आणि प्रबंधाच्या पहिल्या पानावर चित्रपटाच्या नावापुढे कंसात फक्त प्रदर्शनाचे वर्ष लिहिलेले असते.