इतिहासाचे सस्पेन्स खाते

बँकेत एक खाते असते, त्याचे नाव सस्पेन्स. नावावरून बाबूराव अर्नाळकरांची आठवण होते, पण त्यात खूनबिन काही नसतो. ज्या रकमेचा धनी सापडत नाही, जी कुणाच्या नावे टाकावी ते कळत नाही, ती तात्पुरती तिथे टाकायची आणि रात्री शांत झोपायचे. गेली वीस वर्षे मी काउंटरच्या अलीकडे बसतो आहे. त्या अनुभवावर सांगतो, आपला मराठी माणूस इतिहासाचा जमाखर्च लिहायला बसला, की निम्म्याहून अधिक रकमा सस्पेन्सला टाकतो. डाव्या पानावर ‘जर’, उजव्या पानावर ‘तर’.

सगळ्यांत मोठी रक्कम अर्थात पानिपतची. भाऊसाहेब विश्वासरावासाठी हत्तीवरून उतरले नसते तर? नानासाहेब पेशव्यांनी डिसेंबर १७६० मध्ये पैठणला दुसऱ्या लग्नाचा घाट घातला नसता, तर कुमक वेळेवर पोचली असती का? आमचे हेडकॅशियर अप्पा या लग्नावर इतके चिडतात, की जणू आहेर त्यांच्या खिशातून गेला! मला स्वतःला त्या सबंध प्रकरणात आपला वाटतो तो फक्त तो सावकार. लाख माणूस पडले, राज्य हादरले, आणि पठ्ठ्याने ती बातमी मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबात बसवून पाठवली. खुर्द्याची मोजदाद मात्र त्यालाही जमली नाही. म्हणजे सस्पेन्स खाते तेव्हाही होतेच.

पण पानिपत हे पुण्याच्या शाखेचे खाते. आमच्या खानदेशाकडेही शिल्लक काही कमी नाही. आमच्या शाखेतला रावेरचा शिपाई छाती फुगवून सांगतो, की पहिला बाजीराव त्यांच्या गावी वारला. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी वारला तो रावेरखेडीला. ते आहे नर्मदेच्या काठी, मध्य प्रदेशात. आमचे रावेर आहे केळीच्या काठी. हे त्याला नकाशा काढून समजावले तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, तेच तर म्हणतो मी. आमच्या रावेरला आला असता तर केळी खाऊन वाचला असता!”

अशीरगडचेही तसेच. भुसावळहून खांडव्याकडे जाताना बऱ्हाणपूरच्या पुढे तो लागतो. अकबराने त्याला महिनोन् महिने वेढा दिला आणि जानेवारी १६०१ मध्ये तो मिळवला. कुणी म्हणतात सोने वाटून, कुणी म्हणतात किल्ल्यात साथ पसरली म्हणून. फारुकींचे खानदेशचे स्वतंत्र राज्य तिथे संपले. सोन्याची कथा खरी धरली, तर अकबराने किल्ला जिंकला नाही, खरेदी केला. आणि बँकेतला माणूस म्हणून मला ती पटते.

आता खुद्द भुसावळ. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा भुसावळ एक खेडे होते. पुढे १८६१ साली तिकडे अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. येऊ घातलेल्या आगगाडीची किंमत आणखीच वाढली. मुख्य मार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करीत भुसावळला आला आणि इथे त्याला दोन फाटे फुटले. एक १८६७ साली नागपूरला पोचला, दुसरा खांडव्यावरून जबलपूरकडे गेला आणि १८७० साली कलकत्त्याच्या मार्गाला मिळाला. तेव्हापासून गाडी बदलणे हा भुसावळचा मुख्य धंदा झाला.

या सगळ्यात धुळे राहून गेले. धुळे जिल्ह्याचे ठाणे, कलेक्टर तिथे, कचेऱ्या तिथे, आणि गाडी मात्र चाळीसगावाहून तोंड फिरवून निघून गेली. त्यांना चाळीसगावाहून फाटा मिळाला तो १९०० साली. पुढे सहा वर्षांत खानदेशाचे दोन तुकडे झाले, आणि पूर्व खानदेशाचे ठाणे गेले रुळांवर बसलेल्या जळगावला. माझी सासुरवाडी धुळ्याची. सासरे अजून हा विषय जेवताना काढतात. “जावईबापू, गाडी आमच्या दारावरून गेली असती ना, तर तुम्ही आज आमच्याकडे बदली मागत फिरला असता!” मी जावई या नात्याने दुसऱ्यांदा वरण घेतो.

सासऱ्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. कारण हा फाटा भुसावळला फुटला नसता, तर पुढची हकीगतही इथे घडली नसती.

सप्टेंबर १९२९. भगवानदास माहौर आणि सदाशिवराव मलकापूरकर हे झाशीचे दोन तरुण भुसावळ स्टेशनवर उतरले. दोघे चंद्रशेखर आझादांच्या संघटनेतले. जायचे होते अकोल्याला, राजगुरूंकडे. झाशीकडून येणाऱ्याने अकोल्याची गाडी पकडायची म्हणजे भुसावळला उतरणे आलेच. सामानात बाँब आणि पिस्तूल. अबकारी खात्याच्या लोकांना सामानाचा संशय आला. ते तपासायचे म्हणाले. मग झटापट, गोळीबार आणि अटक. अकोल्याच्या वाटेवरचे मोठे स्टेशन मलकापूर. मलकापूरकर आडनावाचा माणूस मलकापूर तासाभरावर असताना पकडला गेला!

आमच्याकडे पेन्शनला येणाऱ्या एका निवृत्त गार्डना मी हे सांगितले. त्यांनी आधी चष्मा पुसला. “म्हणजे कनेक्शनला वेळ होता,” ते म्हणाले. “पुढची गाडी फलाटाला लागलेली असती तर तपासायला सवडच नव्हती, भाऊसाहेब. रेल्वे वेळेवर नसते त्याचे परिणाम असे दूरवर जातात.” चाळीस वर्षे रेल्वेत काढलेल्या माणसाने रेल्वेविरुद्ध एवढे बोलावे, यावरून ती गोष्ट त्यांना किती लागली ते मला कळले.

खटला जळगावला चालला. साक्ष द्यायला लाहोर कटातले माफीचे साक्षीदार आणले, जयगोपाल आणि फणींद्रनाथ घोष. या जयगोपालकडे जरा नीट बघा. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला स्कॉटवर नजर ठेवून खूण करायचे काम याच्याकडे होते, आणि याने खूण केली ती साँडर्सला पाहून. स्कॉट वाचला. नंतर पकडला गेल्यावर हाच सरकारचा साक्षीदार झाला. लाहोरच्या कोर्टात प्रेमदत्त नावाच्या कोवळ्या आरोपीने त्याच्यावर चप्पल फेकली होती. जळगावात चपलेवर भागले नाही. २१ फेब्रुवारी १९३० रोजी माहौरांच्या हाती पिस्तूल होते, आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. जयगोपाल जखमी झाला, पण जगला. घोषही वाचला.

इथे आमच्या गावातला प्रत्येक माणूस थांबतो आणि म्हणतो, “गोळी वर्मी लागली असती तर!” तर भगतसिंग वाचले असते, असे त्याला म्हणायचे असते. मीही ही रक्कम बरीच वर्षे सस्पेन्सला ठेवली होती. पण खाते उघडून बघितले की आकडे जुळत नाहीत. जयगोपालची साक्ष लाहोरला आधी होऊन गेलेली. माफीचे साक्षीदार आणखीही होते. आणि एवढ्यानेही भागेना म्हणून सरकारने मे १९३० मध्ये वटहुकूम काढून खास न्यायासन बसवले. आरोपी कोर्टात नसले तरी काम चालेल अशी सोय करून घेतली. ज्याला व्हाउचरशिवाय रक्कम खर्ची टाकायची आहे, त्याचे एक व्हाउचर फाडून काय होणार? ७ ऑक्टोबर १९३० ला निकाल लागला, २३ मार्च १९३१ ला फाशी झाली. घोषला पुढे १९३२ साली बेतियात बैकुंठ शुक्लने गाठले, आणि त्यासाठी १९३४ साली तो स्वतः फासावर गेला.

नेम लागला असता तर बदलले असते ते बहुधा एवढेच, की माहौरही फासावर गेले असते. ते गेले नाहीत. लांब मुदतीची शिक्षा झाली, १९३८ साली सुटले. पुढे झाशीला हिंदीचे प्राध्यापक झाले, डॉक्टरेट मिळवली आणि १९७९ पर्यंत जगले. मलकापूरकरही सुटले. आझाद तोवर अलाहाबादच्या बागेत लढून पडले होते आणि त्यांची आई, जगराणीदेवी, मध्य प्रदेशातल्या भावरा गावी एकटीच हलाखीत दिवस काढीत होती. मलकापूरकर तिला झाशीला आपल्या घरी घेऊन आले, तिला तीर्थयात्रा घडवल्या. १९५१ साली ती वारली तेव्हा शेवटचे सगळे त्यांनीच केले, मुलाने करावे तसे.