पडद्यावरची लूट आणि जमिनीखालचे पाणी

मार्च २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या बऱ्हाणपूर जिल्ह्याचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. ते केळ्यांमुळे नव्हे, यंत्रमागांमुळे नव्हे आणि एखाद्या ऐतिहासिक वास्तूच्या जीर्णोद्धारामुळे तर नव्हेच नव्हे. आसीरगडाच्या पायथ्याच्या शेतांत रात्रीच्या वेळी टॉर्च, मोबाइलचे दिवे, कुदळी-फावडी आणि धातू शोधणारी यंत्रे घेऊन माणसे सोन्याची नाणी शोधत होती. रस्त्याच्या कामाची माती शेतात पडली, तीत जुनी नाणी निघाली, अशी बोलवा उठली होती. त्याच सुमारास 'छावा' हा हिंदी चित्रपट गावोगाव गाजत होता आणि त्यात बऱ्हाणपूरच्या मोगली खजिन्याची लूट दाखविली होती. पडद्यावरचे सोने पाहिले आणि पायाखालची माती चमकू लागली! पोलिस आले, माणसे पांगली, शेतात खड्डे तेवढे राहिले.

या प्रकाराला हसणे सोपे आहे. ज्या गडाला फारुकी, मोगल, निजाम, पेशवे, शिंदे आणि शेवटी इंग्रज इतक्या धन्यांनी पाळीपाळीने कुलपे लावली आणि उघडली, तिथे मागे उरलेले सोने आपल्याच कुदळीची वाट पाहत थांबले असेल, ही आशा भोळी खरीच. शिवाय १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन जमिनीत सापडले, तर त्याची वर्दी सरकारात द्यावी लागते, हेही त्या अंधारात कुणाला आठवले नसावे. परंतु हसून झाल्यावर एक प्रश्न मागे राहतो. शतकानुशतके ज्या मातीवर आपण राहतो, तिच्यात काही आहे हे सांगायला आपल्याला मुंबईचा चित्रपट का लागावा?

'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर, संभाजीराजांच्या भूमिकेत विकी कौशल, संगीत ए. आर. रहमान यांचे आणि आधार शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या कादंबरीचा. शिवजयंतीला मध्य प्रदेश सरकारने तो करमुक्त केल्याची घोषणा केली. आमच्यासारख्या सीमेवरच्या मराठी घरांत त्याचे अप्रूप वेगळेच होते. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात दोहोंची खिचडी, अशा वातावरणात वाढलेल्या मुलांना आपला राजा पडद्यावर हिंदीत बोलताना दिसला आणि आजी-आजोबांना जे सांगून जमले नव्हते ते तीन तासांत झाले. मुले संभाजीराजांविषयी विचारू लागली. हे मोठेच काम झाले, ते कुणी नाकारू नये.

पण चित्रपट सुरू होतो तो बऱ्हाणपूरवरच्या स्वारीने, आणि तिथे आम्हा बऱ्हाणपूरच्या मराठी माणसांची मोठी पंचाईत होते. टाळ्या वाजवायच्या त्या स्वारी करणाऱ्यांसाठी, आणि लुटले जाते ते आपलेच गाव! सातारच्या किंवा पुण्याच्या प्रेक्षकाला हा पेच पडत नाही. त्याच्या दृष्टीने बऱ्हाणपूर म्हणजे शत्रूचे ठाणे. आमच्या दृष्टीने ते माहेर, सासर, दुकान, शाळा आणि स्मशान आहे. हा पेच घेऊनच आम्हाला इतिहास वाचावा लागतो, आणि माझ्या मते तो वरदानच आहे. दोन्ही बाजूंनी पाहण्याची सक्ती ज्याच्यावर होते, त्याला इतिहास जरा नीट दिसतो.

तर मग घडले होते काय? १६ जानेवारी १६८१ रोजी रायगडावर संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आतच मराठी फौज बऱ्हाणपुरावर येऊन कोसळली. स्वारीचे नेतृत्व सरसेनापती हंबीरराव मोहित्यांकडे होते असे पुष्कळ मराठी इतिहासकार मानतात. मोगल बखरकार खाफीखान संभाजीराजांचेच नाव घेतो. शहराची जबाबदारी ज्याच्याकडे होती तो खानजहान बहादूर तेव्हा गावात नव्हता. त्याचा नायब काकरखान जिझियाच्या वसुलीवर होता आणि त्याच्याजवळचे सैन्य बाहेर पडून लढण्याजोगे नव्हते. त्याने दरवाजे लावून घेतले. तटाबाहेरचे बहादूरपूर हे सावकार-व्यापाऱ्यांचे श्रीमंत पुरे आणि त्यासोबतची आणखी सतरा पुरी तीन दिवस लुटली गेली. बहादरपूर हे नाव आजही आमच्या रोजच्या बोलण्यात आहे. पण त्या नावामागचे हे तीन दिवस किती जणांना ठाऊक आहेत?

लुटीनंतरची गोष्ट लुटीहून महत्त्वाची आहे. शहरातील प्रतिष्ठित मंडळींनी औरंगजेबाकडे तक्रार धाडली की आमचे वित्त आणि अब्रू दोन्ही गेली, आता शुक्रवारची सार्वजनिक नमाजही बंद पडायची वेळ आली आहे. बादशहाला प्रजेने दिलेला हा चांगलाच चिमटा होता. पुढे शाहजादा अकबर बंड करून संभाजीराजांच्या आश्रयाला गेला, आणि १६८१ च्या नोव्हेंबरात खुद्द औरंगजेब बऱ्हाणपुरात दाखल झाला. काही महिन्यांनी तो इथून औरंगाबादेकडे निघाला तो पुन्हा उत्तरेला परतलाच नाही. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ त्याचा शेवट झाला. म्हणजे मराठ्यांच्या त्या दीर्घ स्वातंत्र्ययुद्धाचे दार आमच्या गावात उघडले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पडद्यावर या गावाच्या वाट्याला येते ती मात्र लुटीची धामधूम.

इथे करमणुकीच्या सगळ्या कलांचा एक स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. त्यांना नायक हवा असतो आणि खलनायक हवा असतो. संभाजीराजांचेच उदाहरण घ्या. राम गणेश गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यास' नाटकाने राजांचे विलासी चित्र रंगविले आणि ते मराठी मनावर कितीतरी वर्षे बसून राहिले. ते पुसले एका अभ्यासकाने. वा. सी. बेंद्र्यांनी वर्षानुवर्षे कागदपत्रे धुंडाळून १९६० साली राजांचे चरित्र सिद्ध केले. कमल गोखल्यांनी ते काम पुढे नेले. त्या पायावर मग कादंबऱ्या उभ्या राहिल्या, २०१७ ते २०२० या काळात दूरदर्शनच्या पडद्यावर मालिका गाजली आणि आता हा चित्रपट आला. रंगभूमीने केलेला अन्याय अभ्यासाने दूर केला आणि त्या अभ्यासाचे फळ पुन्हा पडद्याने घरोघर पोचविले. तेव्हा पडदा आणि पुस्तक हे वैरी नव्हेत. फक्त क्रम विसरू नये; पुस्तक आधी, पडदा मागून.

क्रम विसरला म्हणजे काय होते, तेही त्याच मार्च महिन्यात दिसले. औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल उसळली. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या लढाईचा हिशेब आजच्या शेजाऱ्याकडे मागायचा, ही त्यातली बुद्धी. बऱ्हाणपुरात मराठी सुताच्या व्यापाऱ्याचा माग मोमीन विणकर चालवतो, बोहरी समाजाच्या दर्ग्याला देशोदेशीचे यात्रेकरू येतात आणि त्याच गावात शिखांची मोठी संगतही आहे. अशा गावाला ही बुद्धी परवडणारी नाही. ज्यांना यावर विश्वास बसत नसेल त्यांनी इथल्या जामा मशिदीत एकदा जावे. फारुकी राजा आदिलशहाने बांधलेल्या या मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला संस्कृत शिलालेख आहे. त्यात शके १५११ ची, म्हणजे इसवी सन १५९० ची, तिथी आहे आणि राजाची वंशावळही आहे. मशिदीत देववाणी कोरविणारा राजा आमच्या गावाने पाहिला आहे. त्याच्यावर चित्रपट कोण काढणार? त्यात लढाई नाही!

गाण्याचेही तसेच. आज गाणे म्हटले की आमच्या भागात पहिले नाव येते ते किशोरकुमारचे, आणि ते योग्यच आहे. ४ ऑगस्ट १९२९ रोजी तो खंडव्यात जन्मला. २००३ पर्यंत बऱ्हाणपूर खंडवा जिल्ह्यातच होते, म्हणून तो आम्हाला घरचाच वाटतो. १९८७ साली मुंबईत त्याचे निधन झाले, पण अंत्यसंस्कार त्याच्या इच्छेप्रमाणे खंडव्यात झाले. परंतु बऱ्हाणपूरचे गाणे त्याच्याही कितीतरी आधीचे आहे. शेख बहाउद्दीन बाजन हे पंधराव्या शतकातले सूफी संत. 'बाजन' या त्यांच्या नावातच वाजणे आहे. लोकांच्या हिंदवी बोलीत गाण्याजोगी पदे त्यांनी रचली, आणि १५०६ मध्ये ते इथेच विसावले. तापीपलीकडच्या झैनाबादेत हिराबाई नावाची गायिका होऊन गेली. तरुण औरंगजेबाने तिला तिथल्या आहूखान्याच्या आंबराईत उडी मारून आंबा तोडताना पाहिले आणि तो भान हरपला, असे 'मआसिर-उल-उमरा' या मोगल चरित्रग्रंथात नोंदले आहे. ती अल्पायुषी ठरली आणि औरंगाबादेत तिला मूठमाती मिळाली. चित्रपटातला क्रूर बादशहा आणि आंबराईतला हा घायाळ तरुण एकच होता, हे मानायला मन तयार होत नाही. पण माणूस म्हणजे असाच गुंता. म्हणून तर इतिहास वाचायचा.

त्याच आहूखान्यात जून १६३१ मध्ये मुमताजमहलचे शव तात्पुरते पुरले होते. चौदाव्या बाळंतपणात ती बऱ्हाणपुरात गेली आणि वर्षअखेरीस तिचे शव आग्र्याला नेले. ताजमहालावर १९६३ साली आणि पुन्हा २००५ साली मोठे चित्रपट निघाले. प्रेक्षक उठतो तो आग्र्याचे तिकीट काढायच्या विचारात. ज्या गावाने ती राणी गमावली, तिकडे गाडी सहसा थांबत नाही.

आता खजिन्याकडे पुन्हा येऊ. मोगलांची टांकसाळ इथे होती, तेव्हा जुने नाणे कुठे सापडले तर नवल नाही. पण या गावाची श्रीमंती नाण्यांत नव्हती. सतराव्या शतकात दोनदा इथे येऊन गेलेला फ्रेंच व्यापारी तावर्निये लिहितो की इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असे. सोने येत होते ते मागावरच्या धाग्यामुळे. आणि एवढे मोठे शहर तगले ते पाण्यामुळे. अब्दुर्रहीम खानखानाच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास, सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणले गेले. शंभराहून अधिक कुंड्या एकमेकींना आतून जोडलेल्या, ना मोट, ना पंप. नुसत्या उतारावर पाणी चालते. हाच आपला कुंडी भंडारा, ज्याला लोक खुनी भंडाराही म्हणतात. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचे नाव दाखल झाले.

ज्यांनी आसीरगडच्या शेतांत रात्री जागविल्या, त्यांनी कुदळ चुकीच्या जागी घातली, एवढेच त्यांचे चुकले. आपल्या पायाखाली धन आहे हा त्यांचा भरवसा खोटा नव्हता. ते धन चारशे वर्षे अंधारात मुकाट्याने वाहत आले आहे आणि ते लुटायला कुणी येत नाही, कारण त्याची किंमत कुणाला कळलेली नाही. सातपुड्याच्या उतारावर बेसुमार विहिरी आणि कूपनलिका खोदत गेलो, तर मात्र ते आपल्याच हातांनी लुटले जाईल, आणि त्या लुटीवर चित्रपट निघणार नाही.

या दिवाळीत घरी मुले-नातवंडे जमतील. पुणे-इंदूरहून आलेली, मोबाइलवर चित्रपट पाहणारी. त्यांना चित्रपट पाहू द्यावा, टाळ्याही वाजवू द्याव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांना जामा मशिदीतला संस्कृत लेख दाखवावा, तापी ओलांडून आहूखान्यापर्यंत न्यावे आणि कुंडी भंडाऱ्यात उतरवून ते पाणी ओंजळीत घ्यायला लावावे. बहादरपूरच्या रस्त्यावर त्यांना सांगावे की इथे आपलीच माणसे घोड्यावर होती आणि आपलेच गाव जळत होते. आणि दोन्ही 'आपले' आहे.