सरोवरनोंदी व त्यांचे जतन
सरोवरनोंदी व त्यांचे जतन : सरोवरातील पाण्याची पातळी, तापमान, विरघळलेला ऑक्सिजन, पोषक द्रव्ये, प्लवक, मासे व पक्षी यांविषयी दीर्घकाळ एकाच पद्धतीने केलेल्या निरीक्षणांचा संग्रह आणि तो पुढील अभ्यासकांस वापरता येईल अशा स्थितीत राखण्याची व्यवस्था. सरोवराचे स्वरूप मंदगतीने पालटते. ऋतुमानाप्रमाणे होणारे चढउतार या बदलांहून पुष्कळदा मोठे असतात. म्हणून दोनतीन वर्षांच्या निरीक्षणांवरून सरोवराचा ऱ्हास होत आहे किंवा काय, हे सांगता येत नाही.

जपानमधील सुवा सरोवर केव्हा गोठले याची नोंद तेथील शिंतो पुरोहितांनी १४४३ पासून ठेवली आहे. मधल्या काळात नोंदीचे स्थान व पद्धत बदलल्यामुळे त्या भागाचा उपयोग मात्र जपून करावा लागतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९८१ मध्ये सरोवरांच्या दीर्घकालीन निरीक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला. २००५ मध्ये अनेक देशांतील अभ्यासकांचे जाळे निर्माण झाले व स्वयंचलित उपकरणांनी दर काही मिनिटांस पाठविलेले आकडे तपासण्यासाठी सामाईक संगणकीय आज्ञावल्या तयार होऊ लागल्या.

मुंबईच्या उपनगरांतील विहार (१८६०), तुळशी (१८७९) व पवई (१८९०) हे तिन्ही तलाव कृत्रिम आहेत. त्यांची पातळी ‘टाउन हॉल डेटम’ या स्थानिक आधारपातळीपासून मोजण्याचा प्रघात असल्याने ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीशी जुळत नाही. आकड्यासोबत आधारपातळीचा उल्लेख गळाला, तर अचूक नोंदही दिशाभूल करते. विहार व तुळशी यांचे पाणी पिण्यासाठी दिले जात असल्यामुळे महानगरपालिकेच्या सात जलाशयांच्या दैनंदिन तक्त्यात त्यांचा समावेश असतो. पवईचे पाणी पिण्यास अयोग्य ठरून औद्योगिक व तत्सम कामांकडे वळविण्यात आले, आणि हा तलाव त्या तक्त्याबाहेर राहिला. पाणीपुरवठ्याच्या दृष्टीने हे स्वाभाविक असले, तरी परिस्थितिविज्ञानाच्या दृष्टीने क्रम उलटा झाला. विहार व तुळशी वनाच्या आश्रयाला राहिले. वस्ती, सांडपाणी, गाळ व जलपर्णी यांचा मारा सोसला तो पवईने.

पवईतील पाणी, प्लवक व मासे यांचे अभ्यास झाले नाहीत असे नाही. मुंबई विद्यापीठ व वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था (स्थापना १९६१) यांतील अभ्यासकांनी ते केले आहेत. परंतु प्रबंधासाठी केलेले काम प्रबंधाबरोबर संपते. नमुने कोठून, किती खोलीवरून व दिवसाच्या कोणत्या वेळी घेतले हे नमूद नसल्यास वीस वर्षांनंतरचे आकडे त्यांच्याशेजारी मांडता येत नाहीत. ऑक्सिजनाचे प्रमाण तर पहाटे व दुपारी एकाच जागी वेगवेगळे असते.

नोंदीचे मोल २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दिसून आले. जुहूच्या पूर्वेस असलेल्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला, कुलाब्यास सुमारे ७४ मिमी., तर विहार तलावावर १,०४९ मिमी. पवई व विहार यांचे ओसंडणारे पाणी मिठी नदीत जाते; तिच्या पुराचा विचार करताना विहारचा आकडा वगळून चालत नाही. यानंतर महानगरपालिकेने शहरात स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारले.

महाराष्ट्रात जलनोंदींचे संगणकीकरण जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९५ मध्ये सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पातून झाले. त्याचे काम नाशिक येथून चालले. नोंदी भरण्यासाठी ‘एसडब्ल्यूडीईएस’ व त्यांच्या छाननीसाठी ‘हायमॉस’ या आज्ञावल्या वापरण्यात आल्या. पुढे त्यांची जागा आंतरजालावरील प्रणालीने घेतली. आज्ञावली बदलते तेव्हा जुन्या धारिका नव्या रूपात आणणे व मूळ हस्तलिखित वह्या सांभाळणे ही दोन्ही कामे करावी लागतात. वह्या रद्दीत गेल्या की चूक कोठे शिरली हे शोधण्याचा मार्ग उरत नाही. या प्रकल्पाचा भर पाऊस, पातळी, विसर्ग व पाण्याची प्रत यांवर होता. प्लवक, मासे व पक्षी यांच्या नोंदींना तसे एकत्र घर मिळाले नाही.

अशा नोंदींना कायदेशीर महत्त्वही आले आहे. अहमदाबाद येथील अवकाश उपयोजन केंद्राने उपग्रहचित्रांवरून केलेल्या नोंदणीतील २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. पवईच्या काठावरील सायकलमार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदेशीर ठरवून बांधकाम हटविण्यास सांगितले. पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या नियमांत खास पेयजलासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. त्यामुळे एखादा तलाव कशासाठी बांधला व पुढे त्याचा उपयोग कसा पालटला, हे सांगणारी जुनी कागदपत्रेही सरोवरनोंदींतच मोडतात.