कॉम्प्टनचा गुडघा

डेनिस कॉम्प्टन उन्हाळ्यात मिडलसेक्सचा फलंदाज असे आणि हिवाळ्यात आर्सेनलचा फुटबॉलपटू. हा दुहेरी संसार त्याच्या गुडघ्याने चालविला, आणि त्याची किंमतही गुडघ्यानेच मोजली. १९३८ साली चार्ल्टनच्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, तेव्हा या दुखण्याचे बीज पडले. तारुण्याच्या भरात ते फारसे जाणवले नाही. महायुद्धात सैनिक म्हणून तो महूच्या छावणीत आला आणि मार्च १९४५ मध्ये, रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात, होळकर संघातर्फे मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा काढून गेला. होळकर हरले, पण ब्रेबोर्नवरील प्रेक्षकांना विजयाइतकेच त्या खेळीचेही कौतुक वाटले असल्यास नवल नाही.

१९४७ च्या मोसमात त्याने ३,८१६ धावा व १८ शतके काढली. हे दोन्ही विक्रम आजही अबाधित आहेत. परंतु त्याच मोसमाच्या अखेरीस गुडघ्याला पट्टी बांधण्याची पाळी आली. १९५० मध्ये लिव्हरपूलला नमवून आर्सेनलने इंग्लंडचा चषक जिंकला, त्या संघात तो होता. मात्र पुढच्याच ऑस्ट्रेलिया दौऱ्यात कसोटीच्या आठ डावांत त्याच्या धावा झाल्या अवघ्या ५३.

अखेर नोव्हेंबर १९५५ मध्ये शल्यविशारदांनी गुडघ्याची वाटीच काढून टाकली. आज हा उपाय क्रूर वाटेल. पण वाटी हा जवळजवळ निरुपयोगी अवयव होय, असे मत ब्रूक या इंग्रज शल्यविशारदाने १९३७ साली मांडले होते, आणि त्याला अनुयायीही लाभले होते. वस्तुतः मांडीच्या पुढील स्नायूंची ओढ या वाटीवरूनच नडगीपर्यंत पोहोचते. वाटी त्या ओढीला सांध्यापासून किंचित पुढे उचलून धरते. त्यामुळे तरफेप्रमाणे थोड्या बळात पाय सरळ होतो. वाटी गेली म्हणजे तेच काम करण्यास स्नायूंना अधिक जोर लावावा लागतो. म्हणूनच आता ती काढणे हा अगदी निरुपायाचा उपाय मानला जातो.

असा गुडघा घेऊन कॉम्प्टन ऑगस्ट १९५६ मध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध उतरला. वय ३८. पहिल्या डावात ९४ धावा, दुसऱ्यात नाबाद ३५. १९५७ च्या मोसमाअखेर त्याने व्यावसायिक क्रिकेटचा निरोप घेतला.