दिवा कुठल्या खोलीत?



मागच्या महिन्याच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी घर सजवायला अंतर्गत कर्ज मागितलं. रंग काढायचा होता आणि दिवेही नवे बसवायचे होते. मोबाइलवर त्यांनी चित्रं दाखवली: झुंबर, भिंतीवरचे नक्षीचे दिवे, छतात बसणारे गोल दिवे. सगळे पुढच्या खोलीसाठी. आम्ही विचारलं, "आणि स्वयंपाकघरात?" ताई म्हणाल्या, "तिथं आहे की एक बल्ब."

त्यावरून विषय निघाला तो आमच्या आज्या-पणज्यांपर्यंत गेला. आज तुमच्याशी तेच बोलायचं आहे.

जुन्या मातीच्या घरात दिव्याची जागा भिंतीतच असायची. तिला देवळी म्हणत. त्या छोट्या कोनाड्यात तेलाची पणती ठेवली की वारा लागत नसे, पण वरची भिंत काजळीनं काळी व्हायची. तेल करंजाचं, एरंडाचं किंवा करडईचं. कोकणात उंडीचं कडू तेल जाळत. तेल म्हणजे पैसा, म्हणून दिवेलागणीला दिवा लागायचा आणि जेवणं झाली की मालवायचा.

देखणे दिवे तेव्हाही होतेच. देवापुढे पितळेची समई, साखळीला टांगलेला लामणदिवा. श्रीमंतांच्या वाड्यात काचेच्या हंड्या आणि झुंबरं, पण ती दिवाणखान्यात, बसणाऱ्यांसाठी. आत राबणाऱ्या बाईला पणती आणि चुलीच्या जाळाचा उजेड. म्हणजे शोभेचा दिवा बाहेर आणि कामाचा अंधार आत, ही वाटणी फार जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे खनिज तेल आलं. 'रॉक ऑइल'चं आपण रॉकेल केलं आणि 'गॅसलाइट'चं घासलेट. त्याबरोबर दोन दिवे घरात आले. एक चिमणी, पत्र्याच्या डबीत वात घातलेली, धूर ओकणारी. दुसरा कंदील, काचेचा, वाऱ्यात न विझणारा.

कंदिलाची गोष्ट आमच्या कराड भागात सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वदेशीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा जमवून 'पैसा फंड' उभा केला आणि त्यातून 1908 साली तळेगावला काच कारखाना निघाला. आपल्या बचत गटासारखंच की हे, थेंबाथेंबानं साठवलेलं! पुढे 1916 साली कराडजवळ, औंध संस्थानच्या मदतीनं, ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. ती जागा म्हणजे ओगलेवाडी. कराडचं रेल्वे स्टेशन तिथंच आहे. तिथला 'प्रभाकर' कंदील घरोघर गेला.

पण घरात गेलेला कंदील कुठं टांगला जायचा? आमच्या गटातल्या एक आजी सांगतात, "आमच्यात दोन कंदील. एक सोप्यात, दुसरा रात्री पाणी पाजायला रानात जायचा. भाकरी आम्ही चिमणीवरच थापल्या." कंदिलाच्या काचा मात्र आजीच पुसायच्या. लहान मुलीचा हात काचेत जातो, म्हणून राखेनं काच घासायचं काम मुलींचं. काच लख्ख करायची आपण आणि तिचा उजेड सोप्यात!

मग वीज आली. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात 1882 सालीच विजेचे दिवे लागले होते. 1915 साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. आपल्या कोयनेची वीजनिर्मिती 1962 साली सुरू झाली. तरी गावच्या घराघरात दिवा लागायला पुढे बरीच वर्षं गेली. आमच्यातल्या कित्येकींच्या माहेरी पहिला बल्ब सोप्यातच लागला. काही घरांत तर मधल्या भिंतीला भोक पाडून त्यात बल्ब लावला होता, एका दिव्यात दोन खोल्या. बिल परवडत नव्हतं, हे कारण खरंच होतं.

आज ते कारण उरलेलं नाही, हे हिशोबानं पाहू. 60 वॉटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला, तर महिन्याला 9 युनिट वीज लागते. जवळपास तेवढाच उजेड देणारा 9 वॉटचा एलईडी तेवढाच वेळ लावला, तर दीड युनिटही लागत नाही. 2015 साली सरकारच्या उजाला योजनेतून हे बल्ब स्वस्तात मिळू लागले आणि गावोगाव पोचले. म्हणजे एका जुन्या बल्बच्या विजेत आता सहा दिवे लागतात. तरी स्वयंपाकघरात अंधार असेल, तर तो विजेचा नाही, सवयीचा आहे.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. घर जरूर सजवा, पण सुरुवात आतून करा. स्वयंपाकघरातला बल्ब बहुधा आपल्या पाठीमागे असतो, त्यामुळे आपलीच सावली ओट्यावर पडते आणि विळीवर, तव्यावर नीट दिसत नाही. ओट्याच्या वरच्या फळीखाली, आपल्या समोर, एक लहान एलईडी पट्टी बसवा. मग न्हाणी, जिना आणि परसातली वाट पाहा. नंतर पुढची खोली. तिथंही महागडं झुंबरच हवं असं नाही. बुरूडआळीतली बांबूची टोपली उलटी टांगली की भिंतीवर सुंदर जाळी पडते. त्यात एलईडीच लावा, जुना तापणारा बल्ब नको, आणि वायरिंग जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.

त्या ताईंचं कर्ज आम्ही मंजूर केलं. यादी त्यांनीच घरी बसून पुन्हा लिहिली. झुंबर आहे, पण चौथ्या ओळीत. पहिल्या ओळीत लिहिलंय, 'ओट्यावरचा दिवा'.

आज दिवेलागणीला तुम्हीही ओट्यापाशी उभ्या राहा आणि आपली सावली कुठं पडते ते बघा. पुढच्या बैठकीत त्यावर बोलू.