एका स्वस्त गोळीचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, लढाया, तह आणि फार तर चळवळी उभ्या राहतात. औषधालाही इतिहास असतो, आणि त्या इतिहासातही कोणाला विचारले गेले व कोणाला विचारले गेले नाही याचा हिशेब असतो, हे अभ्यासक्रमात कुठे येत नाही. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. डॅप्सोन नावाच्या एका लहानशा पांढऱ्या गोळीचा हिशेब मला येथे मांडायचा आहे. कुष्ठरोगावर आणि त्वचेच्या आणखी काही विकारांवर ही गोळी आजही दिली जाते. ती स्वस्त आहे, जुनी आहे आणि गरिबांच्या पोटात सर्वांत जास्त गेलेली आहे. ती सुरक्षित आहे काय, हा प्रश्न डॉक्टरांचा आहेच. पण 'सुरक्षित' या शब्दाचा अर्थ कोणी, कोणाच्या शरीरावर आणि कोणत्या किमतीला ठरवला, हा प्रश्न इतिहासाचा आहे.

आधी रोगाविषयी. 1873 साली नॉर्वेतील बर्गेन येथे आरमॉर हॅन्सन या वैद्याने कुष्ठरोग्याच्या गाठींमध्ये दांडीच्या आकाराचे जंतू पाहिले. हा रोग पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नाही, रक्तातून आलेला वारसा नाही, तो जंतूमुळे होतो, ही घोषणा म्हणजे एक मोठीच मुक्ती होती. पण त्याच हॅन्सनने 1879 साली आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतील द्रव्य टोचले. 1880 साली त्याच्यावर खटला चालला आणि रुग्णालयातील त्याची नेमणूक न्यायालयाने काढून घेतली. पापाच्या कल्पनेतून माणसाला सोडवणारा शास्त्रज्ञही त्या माणसाची संमती घ्यायला विसरतो, हे आपण नीट लक्षात ठेवले पाहिजे. पुढच्या साऱ्या कथेत हा धागा येणार आहे.

आपल्या देशात त्या काळी काय चालले होते? 1890 साली मुंबईत माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयगृह उघडले. 1898 साली ब्रिटिश सरकारने कुष्ठरोग्यांचा कायदा केला. त्या कायद्याची नजर सर्व रोग्यांवर नव्हती. ती होती भीक मागणाऱ्या, उपजीविकेचे उघड साधन नसलेल्या रोग्यावर. अशा माणसाला पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकत. बंगल्यात राहणारा रोगी आजारी ठरत होता. रस्त्यावरचा रोगी मात्र गुन्हेगार. जंतू जात पाहत नाही, वर्ग पाहत नाही. कायदा मात्र पाहत होता. आणि गावाने तर कायद्याची वाटही पाहिली नव्हती. वेगळे पाणी, वेगळे भांडे, वेशीबाहेरची झोपडी ही शिक्षा गावाला कोणी शिकवावी लागली नाही. ती त्याला पाठच होती.

उपचार म्हणजे त्या काळी कडू कवठीच्या जातीच्या झाडांचे तेल, ज्याला चालमुग्रा म्हणत. पोटात घ्यावे तर मळमळून यायचे, आणि टोचावे तर वेदना असह्य. वर्षानुवर्षे टोचून घेऊनही भरवसा थोडाच.

डॅप्सोनचा जन्म या दुःखाशी संबंध नसलेल्या ठिकाणी झाला. 1908 साली जर्मनीत फ्रायबुर्ग येथे एमिल फ्रॉम आणि याकोब विटमन या रसायनशास्त्रज्ञांनी हा पदार्थ तयार केला. औषध शोधणे हा त्यांचा हेतूच नव्हता. जवळजवळ तीस वर्षे तो पदार्थ कागदावर पडून राहिला. 1930 नंतरच्या दशकात सल्फा औषधांचे युग सुरू झाले आणि 1937 साली इंग्लंड व फ्रान्समधील संशोधकांनी त्याची जंतुनाशक शक्ती तपासली. उंदरांवर तो सल्फानिलमाइडपेक्षा कितीतरी प्रभावी ठरला. पण तितकाच विषारीही. माणसांना सल्फा औषधांच्याच मापाने, दिवसाला एक-दोन ग्रॅम, देऊन पाहिले गेले, तेव्हा रक्त नासू लागले. निष्कर्ष निघाला : हे औषध माणसाच्या कामाचे नाही. गाईंच्या स्तनदाहावर मात्र ते वापरले गेले.

येथे एक साधी गोष्ट ध्यानात येते. औषध वाईट नव्हते, माप चुकले होते. पण माप चुकले हे कळायला आणखी दहा वर्षे जावी लागली, आणि तीही वळणावळणाने.

पहिले वळण अमेरिकेतले. लुइझियानातील कार्व्हिल येथे कुष्ठरोग्यांची सरकारी वसाहत होती. कुंपणाआड ठेवलेली ती माणसे कित्येकदा आपले खरे नावही टाकून देत, म्हणजे घरच्यांना बट्टा लागू नये. 1941 साली तेथे गाय फॅजेट या डॉक्टरने डॅप्सोनपासून बनवलेले प्रोमिन हे औषध शिरेतून द्यायला सुरुवात केली. स्वेच्छेने पुढे आलेल्या रुग्णांनी ते घेतले. व्रण भरू लागले, 1943 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर आशा पसरली. याच वसाहतीत स्टॅन्ली स्टाइन हा रुग्ण 'द स्टार' नावाचे नियतकालिक चालवत होता, 'लेपर' हा शब्द टाका म्हणून झगडत होता. तेथील रुग्णांना मतदानाचा हक्क मिळाला तो 1946 साली. म्हणजे औषध आधी मिळाले, नागरिकत्व नंतर.

प्रोमिन रोज शिरेतून टोचावे लागे आणि ते महाग होते. भारतातल्या किंवा आफ्रिकेतल्या लाखो रोग्यांना ते कोण देणार? दुसरे वळण येथे, आपल्या भूमीवर आहे. मद्रासजवळ चिंगलपेट येथे रॉबर्ट कॉक्रेन यांनी 1946 च्या सुमारास मूळ डॅप्सोनच शेंगदाणा तेलात मिसळून टोचायला सुरुवात केली. तिसरे वळण नायजेरियातील उझुआकोली येथले. जॉन लो हे डॉक्टर पूर्वी हैदराबाद संस्थानातील दिचपल्ली येथे आणि पुढे कलकत्त्यात कुष्ठरोगावर काम केलेले. प्रोमिनसारखी महागडी रूपे शरीरात गेल्यावर शेवटी डॅप्सोनच होतात, मग डॅप्सोनच तोंडाने थोड्या मापात का देऊ नये? 1940 नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी दाखवून दिले की दिवसाला 100 मिलिग्रॅमच्या आसपासची गोळी पुरते आणि बहुतेकांना सोसते. टाकून दिलेला पदार्थ दहाव्या-विसाव्या भागाने दिला आणि तो औषध झाला. जगातल्या गरीब रोग्याला पहिल्यांदा घरी नेता येईल अशी गोळी मिळाली.

आपल्याकडे या गोळीने कामाची पद्धतच बदलली. 1951 साली वर्ध्याजवळ गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झाले. डॉ. वारदेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि गावातच उपचार ही रीत बसवली. रोग्याला उचलून आश्रमात नेण्याऐवजी औषध रोग्याच्या दारात नेले. 1955 साली राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम आला. दयेच्या जागी हक्क येण्याची ही सुरुवात होती, असे मी मानतो. कारण आश्रमात भिक्षा मिळते, दारात येते ती सेवा.

पण स्वस्त औषधाचा वापरही स्वस्तात झाला. विषबाधेच्या भीतीने अनेक ठिकाणी गोळीचे माप फार कमी ठेवले गेले. एकच औषध वर्षानुवर्षे, मध्येच थांबत, पुन्हा सुरू करत घेतले गेले. जंतूंना शिकायला यापेक्षा चांगली शाळा कोणती? 1964 साली मलायातील सुंगाई बुलो येथल्या रुग्णांच्या जंतूंवर पेटिट आणि रीस यांनी सिद्ध केले की जंतू डॅप्सोनला पुरून उरले आहेत. पुढे हे प्रकार देशोदेशी दिसले. म्हणून 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने बहुविध औषधोपचार सुचवला : महिन्यातून एकदा आरोग्यसेवकासमोर रिफॅम्पिसिन 600 मिलिग्रॅम, आणि रोज डॅप्सोन 100 मिलिग्रॅम, जंतूंचा भार जास्त असलेल्यांना जोडीला क्लोफाझिमिन. 2018 पासून ही तीनही औषधे सर्वच रुग्णांना द्यावीत अशी संघटनेची शिफारस आहे. मुदत सहा किंवा बारा महिने. आजन्म गोळी खाणारा माणूस वर्षाच्या आत बरा होऊ लागला.

येथपर्यंतची कथा विजयाची आहे. मात्र विजयाच्या कथेत पडलेल्यांची नावे नसतात. डॅप्सोन काहींना सोसत नाही, आणि हे ज्ञान कुठून आले ते पाहा. 1956 साली अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर हिवतापाच्या प्रायमाक्विन या औषधाचे प्रयोग चालले होते. काही कैद्यांचे, बहुतांशी काळ्या कैद्यांचे, रक्त त्या औषधाने फुटत होते. त्यांच्या तांबड्या पेशींत एक विकर कमी असते, असा शोध लागला. त्याचे संक्षिप्त नाव जी-सिक्स-पीडी. हीच उणीव असलेल्याला डॅप्सोननेही रक्तपेशी फुटण्याचा धोका अधिक. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैनिकांना हिवतापाविरुद्ध रोज 25 मिलिग्रॅम डॅप्सोन दिले गेले. काहींच्या रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी घटल्या आणि त्यातले काही दगावले. आफ्रिकेत हिवतापासाठी काढलेले डॅप्सोनयुक्त जोडऔषध 2008 साली मागे घ्यावे लागले, कारण याच उणिवेच्या मुलांत रक्तक्षय होत होता. वसाहत, तुरुंग, पलटण, गरीब देशातले दवाखाने : सुरक्षिततेचे ज्ञान कोंडलेल्या आणि हुकुमाखालच्या शरीरांतून आले. जे ज्ञान त्यांच्या रक्तातून आले, ते त्यांच्यासारख्यांना परत मिळाले पाहिजे. इतिहासाचे हे साधे देणे आहे.

या उणिवेचे प्रमाण आपल्याकडे सर्व समूहांत सारखे नाही. जेथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या राहिला तेथे ते जास्त आढळते, आणि ज्या समूहांनी बेटीव्यवहार आपल्यापुरताच ठेवला त्यांच्यात असे दोष साठून राहतात. रक्त शुद्ध राखण्याच्या नावाखाली ज्या भिंती बांधल्या गेल्या, त्या भिंतींच्या आत रक्ताचे दोषही राखले गेले. शास्त्राने हे सांगितले आहे. त्यावर आपण विचार करावा.

दुसरा धोका वेगळा आहे. गोळी सुरू केल्यावर साधारण पहिल्या दोन महिन्यांत काहींना ताप येतो, अंगावर पुरळ उठते, गाठी सुजतात, कावीळ होते. लो आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1949 सालीच याची नोंद केली होती. वेळीच गोळी बंद केली नाही तर माणूस मरू शकतो, आणि एकदा असे झाले की ती पुन्हा कधीच द्यायची नसते. 2013 साली चिनी संशोधकांनी दाखवले की एचएलए-बी 13:01 हा आनुवंशिक गुण असलेल्यांना हा धोका कितीतरी जास्त असतो. तो गुण भारतीयांत सुमारे 1 ते 12 टक्के लोकांत असल्याचे त्यांनी नोंदवले. युरोपीय लोकांत तो जवळजवळ नाहीच. म्हणजे हे संकट मुख्यतः आशियाचे. चाचणी करून गोळी टाळली तर संकट टळते हेही चीनमध्ये दिसले. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात ही चाचणी कधी येणार, हा प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

कुष्ठरोगाखेरीज, डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस या अतिशय खाजणाऱ्या फोडांच्या विकारावर 1950 पासून डॅप्सोन वापरले जाते. तेथे ते जंतू मारत नाही, दाह शमवते; थोड्याच दिवसांत खाज थांबते, पण गव्हातील ग्लूटेन वर्ज्य केल्याशिवाय मूळ विकार जात नाही. अशा विकारांत माप कधी कधी 100 मिलिग्रॅमच्या वर जाते, तेव्हा रक्ताच्या तपासण्या अधिकच जरुरीच्या.

आमच्या घरात औषधाच्या पाकिटावरचे अक्षर वाचणारा मी पहिलाच. म्हणून मला ठाऊक आहे की न वाचता, न विचारता गोळी गिळणे म्हणजे काय असते. 'साहेबांनी दिली ना, मग घे' एवढाच संवाद पुष्कळ घरांत होतो. तेव्हा जे प्रत्येक रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले गेलेच पाहिजे ते येथे लिहितो. गोळी सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन पाहावे, आणि शक्य तेथे जी-सिक्स-पीडीची व यकृताची तपासणी करावी. सुरुवातीच्या महिन्यांत रक्त वरचेवर तपासावे. ओठ-नखे निळसर होणे, धाप लागणे, फिकटपणा, काळ्या चहासारखी लघवी, घसा दुखून ताप, पुरळ, डोळे पिवळे होणे, यांतले काहीही दिसले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रिफॅम्पिसिन घेतलेल्या दिवशी लघवी तांबूस होते, क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते आणि पुढे हळूहळू निवळते. याने घाबरून उपचार सोडू नये. आपली गोळी दुसऱ्याला देऊ नये. आणि लक्षण नसताना मनाने ती बंदही करू नये. तसे केल्याने जंतू काय शिकतात ते आपण वर पाहिलेच.

1898 चा तो कायदा केंद्राच्या कायदेपुस्तकातून रद्द झाला 2016 साली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहू नये म्हणून व्यक्तिगत कायद्यांत दुरुस्ती झाली 2019 साली. बरे करणारी गोळी आल्यानंतर सत्तर वर्षांनी! जंतूला मारायला एक वर्ष पुरते. कागदावरचा बहिष्कार मारायला सत्तर वर्षे लागली, आणि मनातला अजून जिवंत आहे.

म्हणून सुरक्षित औषध म्हणजे काय, याचे माझे उत्तर असे : नेमके माप, वेळेवर तपासणी, आणि घेणाऱ्याला सर्व काही सांगितलेले असणे. यातील पहिल्या दोन गोष्टी शास्त्राने दिल्या. तिसरी शास्त्र देत नाही. ती समोरच्याला माणूस मानणारा माणूसच देऊ शकतो, आणि तो देत नसेल तर आपण ती मागून घेतली पाहिजे.